मुरमावरचे वेल

त्या वर्षांचा विषय निघाला की मला आधी माझे पाय आठवतात. हेब्बाळच्या तळ्याअलीकडे बस सोडायची आणि तिथून फळबागेच्या सरकारी ऑफिसापर्यंत तांबड्या धुळीतून चालत जायचं. येतानाही तसंच. संध्याकाळी पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारवस्तीतल्या, घरी पोचल्यावर घमेल्यात पाय बुडवले की पाणी विटकरी व्हायचं. ते पाणी अंगणात ओतायचं, चूल पेटवायची, अण्णांना जेवायला वाढायचं आणि स्वतः चार घास खाऊन आडवं व्हायचं. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, आणि साठीच्या बाईसारखी थकलेली असायचे.

अण्णा म्हणजे माझे वडील. आमच्याकडे वडिलांना अण्णाच म्हणतात. आमच्यासारखी मराठी घराणी बंगळूरला इतक्या पिढ्यांपासून आहेत की मूळ गाव कुणाला सांगता येत नाही. घरात मराठी बोलायची, पण दर दोन वाक्यांमागे एक कन्नड शब्द यायचा, आणि तो कन्नड आहे हे मला शाळेत गेल्यावर कळलं. आई मी कॉलेजात असतानाच गेली. अक्काचं लग्न होसूरला झालं. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. कुणीतरी कमावायला हवं होतं, म्हणून मी नोकरीला लागले. हौस वगैरे काही नव्हती.

माझं काम माती तपासण्याचं. कापडी पिशव्यांतून गावोगावची माती यायची. ती वाळवायची, कुटायची, चाळायची. मग उंच काचेच्या नळकांड्यात पाण्याबरोबर घुसळून ठेवायची आणि कोणता थर किती वेळात खाली बसतो ते बघत राहायचं. आमची बंगळूरची तांबडी माती अर्ध्या तासात बरीचशी खाली बसायची. काही मात्या दुसऱ्या दिवशीसुद्धा पाणी गढूळच ठेवायच्या. नळकांड्यांसमोर बसल्या बसल्या मला कितीतरी वेळा डुलकी लागली आहे.

आमच्या प्रयोगशाळेचे साहेब विजापूरकडचे. राज्यं नव्यानं जोडली गेली तेव्हा ते मुंबई सरकारातून इकडे वर्ग होऊन आले. घरचं मराठी, बाहेरचं कन्नड, दोन्ही सारखंच खणखणीत. डोक्यावर काळी टोपी, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट. चहासुद्धा अर्धाच प्यायचे. अशा माणसाकडे एक दिवस वाइनची फाइल आली.

त्याचं असं झालं. बंगळूरच्या आसपास जी निळी द्राक्षं होतात, ती जाड सालीची, आंबट, बियांची. हंगामात इतकी यायची की बाजारात उचल व्हायची नाही आणि टोपल्याच्या टोपल्या सडायच्या. वरून विचारणा झाली, की या द्राक्षांची वाइन होते का, बरी होते का, ते बघून अहवाल द्यावा. कुणालाच ती फाइल नको होती. टेबलं फिरत फिरत ती आमच्याकडे आली. मला वाटलं, साहेबही ती पुढे ढकलतील. पण त्यांनी दार लोटून घेतलं आणि मला समोर बसायला सांगितलं.

"बाई, तुम्हाला एक सांगतो. हसू नका."

"नाही हसणार."

"मी वाचलंय. बाहेरच्या देशांत जिथं जिथं ज्वालामुखी होते, तिथल्या मातीत द्राक्षं लावतात आणि त्यांच्या वाइनला लोक नावाजतात. आता आमची काळी माती म्हणजे काय? आगच की. लाखो वर्षांपूर्वी जमिनीतून उकळत वर आली आणि थंड झाली. इथली तांबडी माती तशी नाही. इथं खालचा दगडच वेगळा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी इकडे आलो त्याच वर्षी इथल्या वेलाच्या काड्या नेऊन भावाच्या शेतात लावल्यात. चार ओळी. विहिरीच्या कडेला."

"भावाला ठाऊक आहे, कशासाठी ते?"

साहेब टोपी काढून तिच्यात बघत बसले. "खायची द्राक्षं म्हणून सांगितलंय."

त्यांच्या जिल्ह्यात तेव्हा दारूबंदी होती, आणि भाऊ गळ्यात माळ घालणारा. मी वही मिटली. मला घरी जायची घाई होती.

ऑफिसात दारू गाळायची म्हणजे परवान्यांचा घोळ. त्यातून वाट निघाली ती कँटोन्मेंटपलीकडच्या एका ख्रिस्ती मठात. तिथले एक म्हातारे फादर पूजेला लागणारी वाइन तळघरात स्वतः करत. त्याची परवानगी मठाकडे जुनी होती. आम्ही दोघं त्यांना भेटायला गेलो. उंच, वाकलेला माणूस, हातांवर जांभळे डाग कायमचे. चाळीस वर्षं इथं काढलेली, त्यामुळे कन्नड बोलायचे, पण प्रत्येक शब्द गाणं म्हटल्यासारखा लांबवून.

साहेबांनी आगीच्या मातीची गोष्ट काढली तेव्हा फादर बाकावर बसले. मग म्हणाले, "मी अशाच डोंगराखाली जन्मलो. बेटावर. डोंगर खोकला की आईनं वाळत घातलेले कपडे काळे व्हायचे. ती शिव्या द्यायची, परत धुवायची. आणि त्याच राखेत आमचे वेल."

"मग आमच्या मातीचं काय होईल?" साहेबांनी विचारलं.

"आणा द्राक्षं. मला काय माहीत? मी तुमची माती बघितलेली नाही."

काड्या लावल्यापासून चौथ्या वर्षी, मार्चमध्ये, साहेब रजा टाकून गावी गेले आणि आठ टोपल्या घेऊन आले. मी ऑफिसच्या गाडीतून यशवंतपूर स्टेशनवर घ्यायला गेले. आगगाडी चार तास उशिरा आली. साहेब उतरले तेव्हा कोटावर कोळशाची काजळी आणि डोळे लाल. आदल्या दिवसापासून टोपल्यांशेजारी बसून आले होते, कुणी वर सामान ठेवू नये म्हणून. तरी खालच्या दोन टोपल्या चेपल्या होत्याच. कडुलिंबाच्या पाल्यातून रस ठिबकत होता आणि फलाटावरच्या सगळ्या माशा आमच्याभोवती जमल्या होत्या.

त्याच दिवशी फादरनी दोन्हीकडची द्राक्षं शेजारी शेजारी कुटली. हेब्बाळची तांबड्या मातीतली एका पिंपात, साहेबांची काळ्या मातीतली दुसऱ्या पिंपात. वेल एकाच जातीचा, फक्त जमीन वेगळी. मी दोन्ही रसांतली साखर मापली आणि वहीत लिहिली. दोन दिवसांत पिंपं खदखदू लागली. साहेब रोज ऑफिस सुटल्यावर सायकलनं तिथं जायचे, पिंपाला कान लावायचे आणि परत यायचे.

नंतर सगळं काचेच्या मोठ्या बुधल्यांत भरून ठेवलं आणि वाट बघणं सुरू झालं. त्या महिन्यांत अण्णांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दहा दिवस त्यांना उताणं झोपवून ठेवायचं होतं, मान हलवायची नाही. मी पहाटे स्वयंपाक करून शेजारणीच्या भरवशावर त्यांना टाकून जायचे. बसमध्ये उभ्या उभ्या झोपायचे. एकदा थांबा चुकून पार पुढे गेले आणि भर उन्हात मागे चालत आले. साहेबांनी माझ्या टेबलावर पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

दिवाळी झाल्यावर बुधले उघडायचे ठरले. पण चाखणार कोण? साहेब शिवणारसुद्धा नव्हते. ऑफिसात जे पीत होते ते आपण पितो हे कबूल करणार नव्हते. फादर म्हणाले, "माझ्या जिभेवर विश्वास ठेवू नका. मला माझ्या डोंगराची आठवण येते. ज्याला काही हवंसं वाटत नाही असा माणूस आणा."

परत येताना साहेब रस्ताभर तेच तेच बोलत होते. असा माणूस मिळणार कुठं, सरकारी अहवालाला नाव कुणाचं द्यायचं. माझ्या घरात तो माणूस होता. पण तो कोण हे सांगायचं म्हणजे जे आम्ही इतकी वर्षं झाकलं ते उघडं करायचं.

अण्णांनी सत्तावीस वर्षं कँटोन्मेंटातल्या एका विलायती दारूच्या दुकानात नोकरी केली होती. लोकांना आम्ही सांगायचो, जनरल मर्चंटकडे आहेत. दुकानाचा गोरा मालक त्यांना पोरसवदा वयात कारकून म्हणून घेऊन आला आणि त्यांचं नाक बघून चाखायला शिकवून गेला. बोटीनं आलेली पेटी उघडली की अण्णांनी चाखायचं, कुठली बाटली प्रवासात बिघडली ते सांगायचं. लग्नात त्यांनी आईला शब्द दिला होता, की तोंडात घेईन पण गिळणार नाही. चूळ भरायची आणि थुंकायची. तो शब्द त्यांनी पाळला. पण लोकांना कोण समजावणार? अक्काचं जमलं ते कळायच्या आत. मला कोलारहून एक स्थळ आलं होतं, मुलगा शिक्षक, सगळं ठरत आलं होतं. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं. "दारूच्या दुकानातलं घर," असं म्हणून ते परत गेले. दुसऱ्यांदाही तेच झालं. मग उरलेसुरले गोरेही गेले, दुकान मिटलं, आणि अण्णा घरी बसले. मला बघायला येणारी माणसंही कमी होत होत थांबली.

दोन दिवस मी विचार करत राहिले. तिसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. सांगताना माझे कान तापले होते.

साहेब उठून उभे राहिले. मला वाटलं, आता हे मला वेगळ्या नजरेनं बघणार. ते म्हणाले, "सत्तावीस वर्षं चाखून गिळलं नाही? बाई, असा माणूस घरात असताना तुम्ही मला तीन दिवस हिंडवलंत?"

घरी अण्णांना विचारलं तर ते चिडले. "कशाला उकरून काढतेस गे? तुझं वाटोळं झालं तेवढं पुरे नाही का?"

"माझं काही वाटोळं झालेलं नाही."

"मला एकाच डोळ्यानं दिसतं आता."

"डोळ्यानं कुठं चाखायचंय, अण्णा?"

ते जीभ गालात फिरवत बसले. मग म्हणाले, "सरी, येतो. पण आदल्या दिवशी मला कांदा वाढू नकोस. आणि तिखट नको."

रविवारी सकाळी त्यांनी न्हाऊन पेटीतला काळा कोट काढला. कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता म्हणून परत काढून ठेवला आणि नुसत्या धुतल्या सदऱ्यावर निघाले. जटक्यात, म्हणजे घोड्याच्या टांग्यात, बसून आम्ही मठात गेलो. साहेब आधीच येऊन थांबले होते. तळघराच्या पायऱ्या उतरताना मी त्यांचा हात धरला होता. खाली पोचल्यावर त्यांनी हात सोडवून घेतला, मान वर केली आणि हवा हुंगली.

"तिसऱ्या पिंपाचं लाकूड आंबलंय," ते म्हणाले.

फादर मोठ्यानं हसले. "गेल्या आठवड्यात कळलं मला! अजून बदललं नाही."

त्यानंतर दोघं जुन्या ओळखीचे असल्यासारखे बोलत राहिले. अण्णांना असं बोलताना मी पूर्वी पाहिलं नव्हतं. घरात ते भात आहे का, औषध आणलंस का, एवढंच बोलायचे. इथं ते खुर्चीत ताठ बसले होते आणि तीन शिकलेली माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

फादरनी दोन पेले समोर ठेवले. कुठला कुठल्या मातीचा ते अण्णांना सांगितलं नव्हतं. त्यांनी पहिला घोट घेतला, गालांत फिरवला, तस्तात थुंकला. पाण्यानं चूळ भरली. दुसरा घेतला. या वेळी जास्त वेळ फिरवला. परत पहिला. मग हात पुसले.

"पहिली साधी आहे. द्राक्षाचा वास जरा जास्तीच येतो, अत्तर सांडल्यासारखा. पण तिला चव आहे, आंबटपणा आहे. जेवणाबरोबर कुणी पिईल. दुसरी..." ते थांबले. "दुसरी मेलेली आहे. गोड आहे, जड आहे, पण तोंडात गेल्यावर काही करत नाही. ओल्या घोंगडीसारखी पडून राहते."

दुसरी साहेबांची होती.

साहेबांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांनी टोपी नीट केली, "आभारी आहे, अण्णा," म्हणाले आणि पायऱ्या चढून वर गेले. फादरनी माझ्याकडे वळून विचारलं, "ती माती कशी आहे? हातात घेतल्यावर?"

मी सांगितलं. ओली असली की बोटांना चिकटते, लोण्यासारखी. वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाणी धरून ठेवते. नळकांड्यात घुसळली की तीन दिवस पाणी काळं राहतं.

"मग ती आमच्यासारखी नाही," फादर म्हणाले. "आग तीच असेल. पण आमची जमीन भुसभुशीत, रव्यासारखी. खडेच खडे. पाऊस पडला की सरळ खाली जातो. वेलाला पाण्यासाठी खोल जावं लागतं, त्याला त्रास होतो. तुमचा वेल विहिरीच्या कडेला पाय पसरून बसला होता. त्याला काय गरज होती?"

आठवडाभर साहेब फाइलला हात लावेनात. मातीच्या पिशव्या साठत गेल्या. एका दुपारी त्यांच्या गावाकडून पूर्वी आलेले नमुने मी उगाच काढून बसले. त्यात एक पिशवी होती. वर साहेबांच्याच हातची चिठ्ठी, 'माळ, मुरूम, निरुपयोगी'. ती घुसळली. वीस मिनिटांत सगळं तळाशी. वरचं पाणी स्वच्छ. मी ते नळकांडं उचलून तसंच साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

"हे काय?"

"तुमच्या भावाचा माळ."

"तिथं कुसळसुद्धा धड उगवत नाही, बाई."

"हाही काळाच दगड आहे ना? फुटून फुटून मुरूम झालेला. आग तीच. फक्त पाणी धरत नाही."

साहेब नळकांड्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे परत चार वर्षं."

त्यांचं वय तेव्हा पन्नाशी ओलांडलेलं. परत काड्या गेल्या. माळावर विहीर नव्हती, म्हणून प्रत्येक वेलाशेजारी एक मडकं गळ्यापर्यंत पुरलं आणि भावाच्या घरची माणसं आठवड्यातून दोनदा कावडीनं पाणी नेऊन मडकी भरायची. भाऊ कुरकुरत होता, पण दादानं सांगितलंय म्हणून करत होता. चाळीस वेल लावले, त्यातले तेवीस जगले. पहिल्या वर्षी ते वीतभरच वाढले. साहेब दर सुट्टीत जाऊन यायचे आणि मला सांगायचे, "जगलेत. बस्स, जगलेत."

माझी ती वर्षं एकसारखी गेली. बस, धूळ, नळकांडी, घर. अण्णा तळघरातल्या त्या रविवारनंतर थोडे दिवस बरे वाटले होते. फादर त्यांना महिन्यातून एकदा बोलावून घ्यायचे. मग एका सकाळी ते न्हाणीघरात पडले. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ यायची आणि त्यांना त्याची फार लाज वाटायची. मी ऑफिसला जायच्या आधी त्यांना पुसून, कपडे बदलून, भिंतीला टेकवून बसवायचे. आल्यावर पुन्हा तेच. अक्का होसूरहून यायची, दोन दिवस राहायची, रडायची आणि जायची. मला रडायला वेळ नव्हता.

माळावरची द्राक्षं आली ती जेमतेम एक टोपली. दाणे लहान, साल जाड, घोस मुठीएवढे. फादरनी ती एकट्यानं कुटली. आता त्यांचेही हात थरथरत होते. त्या वर्षाच्या शेवटी त्यांच्या वरिष्ठांनी त्यांना डोंगरातल्या एका घरी पाठवून दिलं, जिथं म्हातारे फादर राहतात. जाण्यापूर्वी त्यांनी तीन बाटल्या भरून साहेबांकडे दिल्या आणि निरोप ठेवला, "मी चाखलेली नाही. आधी अण्णांना द्या."

साहेब एक बाटली कापडात गुंडाळून आमच्या घरी आले. रविवारची दुपार होती. आमच्या घरात दारूची बाटली पहिल्यांदाच आली होती. मी खिडकी लावून घेतली, आणि मग माझीच मला लाज वाटून परत उघडली.

अण्णांना मी उशांवर टेकवलं. साहेब चटईवर बसले. मी पितळी पेल्यात थोडी वाइन ओतली. गडद होती, पण कडेला उजेड दिसत होता. डाव्या हातानं अण्णांनी पेला धरला, मी खालून आधार दिला. त्यांनी आधी वास घेतला. डोळे मिटले. घोट घेतला, आणि निम्म्या तोंडानं तो फिरवायचा प्रयत्न केला. मी तस्त पुढे केलं.

त्यांनी मान हलवली आणि गिळलं.

"अण्णा!" मी म्हटलं. मला वाटलं, थुंकता आलं नाही.

"थांब," ते म्हणाले. एकेक शब्द ओढून काढत होते. "मुद्दाम. तिला... चालेल."

तिला म्हणजे आईला. साहेबांना ते कळलं नसावं. ते पुढे वाकून बसले होते. "कशी आहे, अण्णा?"

"आंबट. स्वल्प मीठ. आणि दगड. पाऊस पडल्यावर... दगड लागतो तसा." त्यांनी दम घेतला. "जिवंत आहे. कच्ची आहे. ठेवा. दोन वर्षं."

साहेबांनी टोपी काढली आणि डोळ्यांवर धरली. मग अण्णांनी त्यांना पेला दाखवला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, पेल्यात करंगळी बुडवली आणि जिभेला लावली. माझ्याही तळहातावर एक थेंब ठेवला. मला नुसतं आंबट लागलं, आणि मग थोड्या वेळानं घसा स्वच्छ झाल्यासारखं वाटलं. त्यातलं मला काही कळत नव्हतं. पण तिथं बसलेल्या त्या दोन म्हाताऱ्यांचे चेहरे मला कळत होते.

अण्णा त्याच पावसाळ्यात गेले.

साहेबांनी अहवाल लिहिला. मी मातीचे तक्ते जोडले. मुरमाड माळावर, कमी पाण्यावर, ही द्राक्षं वाइनसाठी लावून बघावीत, अशी शिफारस होती. सहा महिन्यांनी उत्तर आलं, की नोंद घेतली आहे, तूर्त द्राक्षाचं काम रस आणि मुरंब्यापुरतं ठेवावं. साहेबांनी ते वाचून माझ्याकडे सरकवलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ठीक आहे. मी घरच्यापुरतं चालू ठेवीन."

पण तेही झालं नाही. वाइन जमली या आनंदाच्या भरात त्यांनी दिवाळीला गावी जाऊन भावाला खरं काय ते सांगितलं. परत आले ते आजारी माणसासारखे.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"काही नाही. जेवता जेवता उठला आणि हात धुतले." साहेब फायलीची दोरी बांधत होते, सोडत होते, परत बांधत होते. "दुसऱ्या दिवशी माळावर शेळ्या सोडल्या."

"तुम्ही अडवलं नाही?"

"कुठल्या तोंडानं? इतकी वर्षं त्याच्याशी खोटं बोललो."

पुढच्या वर्षी साहेबांची धारवाडकडे बदली झाली आणि तिथूनच ते निवृत्त झाले. उरलेल्या दोन बाटल्या ते बरोबर घेऊन गेले. त्या बाटल्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही.

त्यानंतर साधारण दोन वर्षांनी मातीच्या पाहणीसाठी मला विजापूरकडच्या गावांत पाठवलं. जीपमधून हिंडणं, खड्डे खणवणं, पिशव्या भरणं. साहेबांचं गाव यादीत होतं. मी ते टाळू शकले असते. पण ड्रायव्हरनं गाडी थांबवली ती नेमकी भावाच्या दारात, पाणी प्यायला. मी ओळख सांगितली. भाऊ साहेबांपेक्षा आडवा, रापलेला, गळ्यात तुळशीची माळ. त्यानं मला वेलांच्या माळावर नेलं. वेलांचे बुंधे शेळ्यांनी कुरतडून बोटभर राहिले होते. पुरलेल्या मडक्यांचे काठ मात्र मुरमातून वर दिसत होते, ओळीनं.

घरी आल्यावर त्याच्या बायकोनं ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. मी जेवत असताना तो उंबऱ्यात बसून होता.

"दादाची ती दारू," त्यानं शेवटी विचारलं, "चांगली झाली होती का हो?"

"चांगली झाली होती. माझ्या वडिलांनी सांगितलं, आणि त्यांना कळत होतं."

तो दोन्ही हातांनी गुडघे चोळत राहिला. "मी नाहीच म्हणालो असतो," तो म्हणाला. "आधी सांगितलं असतं तरी नाहीच म्हणालो असतो. पण सांगायला पाहिजे होतं."

"हो," मी म्हटलं. "सांगायला पाहिजे होतं."

त्याच्या बायकोनं आणखी एक भाकरी पानात टाकली. मला भूक नव्हती, पण ती खाल्ली. मग जीपमध्ये पिशव्यांना टेकून बसले. पुढचं गाव दहा मैलांवर होतं आणि अंधार पडायच्या आत तिथं आणखी तीन खड्डे खणायचे होते.